उच्च रक्तदाबात अग्रबाहूचा रक्तप्रवाह कसा मोजावा: प्लेथिस्मोग्राफीची पायरीनिहाय पद्धत

शरीरक्रियाशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे आलेख तपासताना एकच चूक निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा समोर येते. रक्तप्रवाह मोजायला ते एकमेकांच्या तरुण, निरोगी हातांवर शिकलेले असतात आणि तीच पद्धत, कफच्या (हातावर बांधायच्या, हवेने फुगणाऱ्या पट्ट्याच्या) दाबाचा एकही आकडा न बदलता, वरचा रक्तदाब १७० असलेल्या साठीच्या माणसावर वापरतात. आलेख दिसायला नेटका येतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकलेला असतो. म्हणून हा लेख शिरारोध प्लेथिस्मोग्राफी या एकाच पद्धतीपुरता आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णापुरता मर्यादित ठेवला आहे. दाबाचे सर्व आकडे मिलिमीटर पाऱ्यात दिले आहेत. कोपर ते मनगट या भागाला अग्रबाहू आणि कोपराच्या वरच्या भागाला दंड म्हटले आहे.

पद्धतीमागचे तत्त्व सोपे आहे. दंडावरचा कफ शिरांतल्या दाबापेक्षा जास्त, पण धमन्यांतल्या दाबापेक्षा बराच कमी फुगवला, की अग्रबाहूत रक्त येत राहते आणि बाहेर मात्र पडत नाही. त्यामुळे अग्रबाहू किंचित फुगतो आणि पहिल्या काही सेकंदांत तो ज्या वेगाने फुगतो, तोच आत येणाऱ्या रक्ताचा वेग असतो. हा वेग १०० मिलिलिटर ऊतीमागे दर मिनिटाला इतके मिलिलिटर, असा मांडतात. विश्रांतीच्या अवस्थेत तो साधारण दोन ते चार असतो.

टप्पा १: कोणाची चाचणी करायची नाही, हे आधी ठरवा

चाचणीच्या दिवशी विश्रांतीनंतरही रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असेल, तर चाचणी रद्द करून त्या व्यक्तीला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात, डायलिसिससाठी फिस्टुला (धमनी व शिरेचा जोड) केलेला हात, सूज किंवा शिरेत गुठळी असलेला हात वापरू नये. दोन्ही दंडांवर रक्तदाब घ्यावा. वरच्या रक्तदाबात १५ किंवा त्याहून अधिक फरक कायम राहत असेल, तर एका बाजूची मोठी धमनी अरुंद झालेली असण्याची शंका घ्यावी आणि ती व्यक्ती अभ्यासात घेऊ नये.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो बहुतेक छापील नमुन्यांत नसतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या चाचणीच्या शेवटच्या भागात हाताचा रक्तपुरवठा दहा मिनिटे पूर्ण बंद ठेवायचा असतो आणि प्राणवायू कमी झालेल्या रक्तात सिकल पेशी विळ्यासारख्या वाकतात. कुटुंबात कोणाला सिकलसेल असल्यास किंवा व्यक्तीची तपासणी झालेली नसल्यास आधी रक्ततपासणी करून घ्यावी, नाहीतर हा भाग वगळावा.

*सावधान:* रक्तदाबाची गोळी अभ्यासासाठी थांबवायची की नाही, हा निर्णय प्रयोगशाळेचा नाही. तो उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा आणि नैतिक समितीने मंजूर केलेल्या आराखड्याचा आहे. क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर गटातली औषधे एकाएकी थांबवली तर रक्तदाब उसळू शकतो. गोळी चालू असेल तर तिचे नाव, मात्रा आणि शेवटची गोळी घेतल्याची वेळ नोंदवावी. अशी नोंद असलेली चाचणी उपयोगी पडते, पण लपवलेल्या गोळीने निष्कर्षच फिरतो.

टप्पा २: आदल्या दिवसाची तयारी

चाचणीपूर्वी १२ तास चहा, कॉफी व तंबाखू नको, २४ तास मद्य नको, चार तास जेवण नको आणि आदल्या दिवशी जड व्यायाम नको. या सूचना सगळेच देतात. चूक होते ती प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत. "सिगारेट ओढता का?" असे विचारल्यावर "नाही" हे उत्तर प्रामाणिकपणे येते आणि त्याच मावशींनी सकाळी मिश्री लावलेली असते, किंवा काकांच्या गालात तंबाखू-चुन्याची चिमूट असते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, मग ते धुरातून येवो की हिरडीतून. म्हणून "आज सकाळपासून तंबाखू, मिश्री, गुटखा, बिडी यांतले काही घेतले का?" असा थेट प्रश्न विचारावा. चहाचेही तसेच आहे. "चहा घेतला नाही ना?" या प्रश्नाला मिळणाऱ्या "नाही"त अर्धा कप चहा बसतो.

स्त्रियांना बांगड्यांविषयी आदल्या दिवशीच सांगावे. दंडाप्रमाणेच मनगटावरही एक कफ लागतो; तो उघड्या त्वचेवर बसवायचा असतो आणि त्याचा दाब काचेच्या बांगडीवर आला तर ती फुटून जखम होईल. बांगड्या वर सरकवल्या तर त्या नेमक्या गेजच्या, म्हणजे अग्रबाहूचा फुगवटा मोजणाऱ्या नळीच्या, जागी येतात. हिरवा चुडा अचानक उतरवायला सांगणे योग्य नाही. कोणत्या हातावर चाचणी होणार हे आधी ठरवून त्याच हातापुरती विनंती केली, तर बहुतेक जणी स्वतःच तयारीने येतात. मासिक पाळीचा दिवसही नोंदवावा, कारण रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद पाळीच्या टप्प्यानुसार बदलतो.

टप्पा ३: खोली आणि उपकरण

खोलीचे तापमान २२ ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान एकाच आकड्यावर स्थिर ठेवावे आणि तो आकडा प्रत्येक चाचणीच्या कागदावर लिहावा. एसीचा झोत हातावर येता कामा नये, कारण गार झोताने त्वचेच्या रक्तवाहिन्या लगेच आकसतात. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे ४२ अंशांच्या उन्हातून आलेल्या माणसाला वीस मिनिटांची विश्रांती पुरत नाही. त्याला आधी बाहेरच्या सावलीत आणि मग खोलीत, असे किमान पाऊण तास बसवावे.

गेज म्हणजे पातळ सिलिकॉनची नळी, ज्यात पारा किंवा इंडियम-गॅलियमचा मिश्रधातू भरलेला असतो. नळी ताणली की आतला धातूचा स्तंभ लांब व बारीक होतो आणि त्याचा विद्युत रोध वाढतो. गेज टेबलावर ठेवून पडद्यावरची रेघ पाच मिनिटे पाहावी. रेघ हळूहळू सरकत असेल तर उपकरण अजून तापत आहे. ती मध्येच तुटत किंवा उड्या मारत असेल तर स्तंभात खंड पडला आहे आणि तो गेज बाद करावा. नळी फुटून पारा सांडला तर त्याला हात लावू नये, झाडूने पसरवू नये आणि त्यावर व्हॅक्युम क्लीनरही फिरवू नये. खोली हवेशीर करून संस्थेच्या नियमानुसार तो गोळा करावा.

*तपासा:* तुमच्या उपकरणावरचे "एक टक्का" हे बटण घेरातल्या बदलाचे आहे की आकारमानातल्या? अग्रबाहू दंडगोलासारखा धरला, तर आकारमानातला टक्केवारी बदल घेरातल्या बदलाच्या दुप्पट असतो. अग्रबाहूचा घेर २५ सेंटीमीटर असेल आणि तो १ मिलिमीटरने वाढला, तर घेर ०.४ टक्के वाढला आणि आकारमान ०.८ टक्के. हे न पाहता काढलेले सगळे आकडे निम्मे किंवा दुप्पट निघतात. सगळेच सारख्या प्रमाणात चुकलेले असल्यामुळे ही चूक महिनोन्महिने लक्षात येत नाही.

टप्पा ४: हात मांडणे

१. व्यक्तीला लघवीला जाऊन येण्यास सांगून उताणे झोपवावे. भरलेल्या मूत्राशयानेही रक्तदाब चढतो.

२. हात मनगटाखाली आणि कोपराखाली अशा दोन उशांवर असा टेकवावा, की अग्रबाहूचा मधला भाग कशालाही न टेकता अधांतरी राहील आणि तो हृदयाच्या पातळीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर उंच असेल. हात खाली राहिला तर शिरा आधीच भरलेल्या असतात. मग कफ फुगवल्यावर फुगायला जागा उरत नाही आणि प्रवाह खोटाच कमी दिसतो.

३. अग्रबाहूचा सर्वांत जाड भाग टेपने मोजून घेरापेक्षा एक ते तीन सेंटीमीटर आखूड गेज निवडावा. गेजने त्वचेवर वळ उठत असेल तर तो घट्ट आहे. हात किंचित हलवल्यावर तो घरंगळत असेल तर सैल आहे.

४. दंडावर एक कफ आणि मनगटावर एक छोटा कफ बांधावा. दुसऱ्या दंडावर रक्तदाब मोजण्याचा कफ बांधावा. त्यातल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या सुमारे ८० टक्के असावी. जाड दंडावर लहान कफ बांधला तर रक्तदाब खोटाच जास्त येतो, आणि या पद्धतीत ती चूक पुढच्या प्रत्येक भागाकारात शिरते.

५. आता वीस ते तीस मिनिटे शांतता. या वेळात गप्पा नकोत, मोबाईल नको आणि संमतिपत्रावर सहीसुद्धा नको, ती आधीच घेतलेली असावी.

विश्रांती सुरू होण्यापूर्वी पुढे काय होणार ते साध्या शब्दांत सांगावे: "मावशी, हाताला मुंग्या येतील, पंजा फिका पडेल, मग सोडल्यावर लालबुंद आणि गरम होईल. नको वाटले तर लगेच सांगा, आम्ही त्या क्षणी सोडू." घाबरलेल्या माणसाच्या अग्रबाहूतल्या रक्तवाहिन्या प्रसरण पावतात. त्यामुळे आपण समजावले नाही, तर आपण त्याची भीतीच मोजत बसतो.

टप्पा ५: कफचे दाब ठरवणे

उच्च रक्तदाबातल्या बहुतेक चुका या टप्प्यावर होतात, म्हणून इथे थोडे थांबून लिहितो.

मनगटावरच्या कफचे काम पंजा मोजमापातून वगळणे हे आहे. पंजाचा रक्तप्रवाह मुख्यतः त्वचेचा असतो आणि तो तापमान व भावना यांनुसार पटकन हेलकावतो. तो अग्रबाहूच्या शिरांत मिसळला, तर स्नायूंतल्या छोट्या धमन्यांविषयी काहीच म्हणता येत नाही. छापील पद्धतीत मनगटासाठी "२००" हा आकडा दिलेला असतो. तो १२० रक्तदाबाच्या माणसाला पुरून उरतो. आपल्या रुग्णासाठी मात्र नियम असा पाळावा: *त्या दिवशीचा त्याचा स्वतःचा वरचा रक्तदाब अधिक ५०.* रक्तदाब १७० असेल तर मनगटाचा कफ २२० वर ठेवावा.

याचे कारण मी स्वतः चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात १६८ रक्तदाबाच्या एका गृहस्थांचा मनगटाचा कफ आम्ही सवयीने २०० वर ठेवला आणि बर्फाच्या पाण्याची चाचणी सुरू केली. थंडीने त्यांचा वरचा रक्तदाब २०० च्या पुढे गेला. कफखालून रक्त पंजात शिरू लागले, पण परतायला वाट नव्हती. त्यांचा पंजा निळसर होऊन तट्ट फुगला, बोटे दुखू लागली आणि आलेखाची रेघ वेडीवाकडी झाली. मी पडद्याकडे पाहत होतो. पंजाकडे पाहिले असते तर तीस सेकंदांत कळले असते. तो सगळा आलेख फेकून द्यावा लागला आणि त्या गृहस्थांना विनाकारण त्रास झाला, त्याचे मला आजही वाईट वाटते.

*तपासा:* मनगटाचा कफ झटकन फुगवल्यावर पंजा फिका दिसावा आणि मऊ राहावा. तो निळसर, तट्ट किंवा दुखरा होत असेल तर कफचा दाब अपुरा आहे. लगेच सोडून द्यावा.

मनगटाचा कफ मोजणीच्या किमान एक मिनिट आधी फुगवावा आणि तीन मिनिटांची मोजणी संपताच सोडावा.

दंडावरच्या कफच्या बाबतीत उलटी चूक होते. खालचा रक्तदाब १०० आहे म्हणून काही जण शिरा अडवण्याचा दाबही ७०-८० पर्यंत नेतात. त्याची गरज नाही. शिरांतला दाब उच्च रक्तदाबातही फारसा वाढलेला नसतो, त्यामुळे ४० ते ५० पुरतात. शंका असेल तर ३०, ४० आणि ५० अशा तिन्ही दाबांवर एकेक आलेख काढून पाहावा आणि सर्वांत तीव्र चढ देणारा सर्वांत कमी दाब निवडावा. हा कफ एका सेकंदाच्या आत भरला पाहिजे. हाताने फुगा दाबून भरला तर तो भरेपर्यंत शिरा अर्ध्या भरलेल्या असतात. त्यासाठी हवेच्या टाकीला जोडलेला वेगवान इन्फ्लेटर लागतो, त्याला पर्याय नाही.

टप्पा ६: विश्रांतीची मोजणी

दंडावरचा कफ दहा सेकंद फुगवावा आणि पाच सेकंद सोडावा. मिनिटात अशी चार आवर्तने होतात. तीन मिनिटे ही मोजणी करून शेवटच्या पाच चढांची सरासरी घ्यावी. कफ फुगताच रेघ एकदम उडी मारते. ती उडी कफच्या धक्क्याची असते, तिला रक्तप्रवाह समजू नये. उडीनंतरच्या पहिल्या तीन-चार ठोक्यांतून जाणारी सरळ रेघ ओढावी. पुढे रेघ वाकू लागते, कारण शिरा भरत येतात. तो भाग सोडून द्यावा.

हिशेब असा. समजा, आकारमानातला एक टक्का म्हणजे पडद्यावर २० मिलिमीटर. चढाची रेघ दहा सेकंदांत १० मिलिमीटर वर गेली, तर दहा सेकंदांत अर्धा टक्का आणि मिनिटाला तीन टक्के. म्हणजेच १०० मिलिलिटर ऊतीमागे मिनिटाला ३ मिलिलिटर.

प्रत्येक तीन मिनिटांच्या मोजणीसोबत दुसऱ्या हातावर रक्तदाब घेतलाच पाहिजे. सकाळी एकदा घेतलेला रक्तदाब दिवसभराच्या मोजण्यांना लावणे चुकीचे आहे. प्रत्येक प्रवाहाच्या आकड्याला त्याच वेळचा रक्तदाब हवा.

*तपासा:* दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या दोन विश्रांती-मोजण्या एकमेकींशी जुळल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नये. दुसरी मोजणी खाली आली असेल, तर व्यक्ती अजून शांत झालेली नाही.

टप्पा ७: प्रतिसादाच्या चाचण्या, याच क्रमाने

आधी छोटे उद्दीपन आणि सर्वांत शेवटी दीर्घ रक्तरोध, म्हणजे हाताचा रक्तपुरवठा पूर्ण बंद ठेवणे. उलट क्रम लावला, तर रक्तरोधानंतर प्रसरण पावलेल्या वाहिन्या मूळ पातळीवर येण्याआधीच दुसरी चाचणी सुरू होते आणि दोन्ही निकाल एकमेकांत मिसळतात.

*थंड पाणी.* पाणी बर्फ घालून ४ अंशांच्या आसपास आणावे आणि थर्मामीटरने तपासावे. हात पाण्यात घालण्याची प्रथा आहे, पण आपला एक हात गेजमध्ये आणि दुसरा रक्तदाबाच्या कफमध्ये अडकलेला असतो. म्हणून पाऊल घोट्यापर्यंत पाण्यात ठेवावे. कालावधी एक ते दोन मिनिटे. व्यक्तीने श्वास रोखू नये, याकडे लक्ष ठेवावे. छातीत दुखणे, घेरी येणे किंवा मनगटाच्या कफच्या दाबाजवळ पोहोचणारा रक्तदाब, यांपैकी काहीही दिसले तर थांबवावे. मनगटाचा कफ या चाचणीसाठी मुळातच आणखी वर ठेवलेला असावा.

यानंतर पंधरा मिनिटे थांबून पुन्हा विश्रांतीची मोजणी करावी. घाईत सर्वांत जास्त वेळा हीच पायरी गाळली जाते.

*दहा मिनिटांचा रक्तरोध.* दंडावरचा कफ वरचा रक्तदाब अधिक ५० इतका फुगवून दहा मिनिटे ठेवावा. नवव्या मिनिटाला मनगटाचा कफ फुगवावा आणि दुसऱ्या हातावर रक्तदाब घ्यावा. दहाव्या मिनिटाला दंडाचा कफ पूर्ण सोडून, पाच सेकंदांच्या आत शिरा अडवण्याच्या दाबावर पहिले आवर्तन घ्यावे. इथे तोच कफ दोन कामे करतो. इन्फ्लेटरवरचा आकडा २२० वरून ४५ वर आणायला विसरले, तर सोडल्यानंतर लगेच पुन्हा पूर्ण रक्तरोध होतो आणि शिखराचा क्षण हातातून निसटतो. तो परत मिळवता येत नाही. दुसरा दाबस्रोत आधीच ४५ वर लावून ठेवावा आणि मध्ये फक्त तोटी फिरवावी.

या वेळी प्रवाह निरोगी माणसात विश्रांतीच्या साधारण दहापट होऊ शकतो, त्यामुळे शिरा दोन-तीन ठोक्यांतच भरतात. दहा सेकंदांचे आवर्तन इथे चालत नाही. तीन ते पाच सेकंद फुगवावे, तेवढाच वेळ सोडावे आणि चढ फक्त पहिल्या दोन ठोक्यांवरून काढावा. पडद्याची संवेदनशीलताही आधीच कमी करून ठेवावी, नाहीतर रेघ पडद्याबाहेर जाते. तीन मिनिटांनी मनगट मोकळे करावे.

धमनीत सुई घालून ॲसिटिलकोलिन आणि सोडियम नायट्रोप्रुसाइड ही रक्तवाहिन्या प्रसरण करणारी औषधे देण्याची चाचणी या लेखाच्या बाहेरची आहे. ती रुग्णालयात, प्रशिक्षित डॉक्टरांनीच करायची असते. अल्ट्रासाऊंडने दंडातल्या धमनीचा व्यास मोजण्याची पद्धतही वेगळी आहे. ती मोठ्या धमनीविषयी सांगते, तर आपली पद्धत छोट्या, रोध निर्माण करणाऱ्या धमन्यांविषयी. या दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात घालू नयेत.

टप्पा ८: प्रवाहावरून रोध काढणे

विश्रांतीतला प्रवाह मोजून "रुग्णाचा ३ आणि निरोगी माणसाचाही ३, म्हणजे फरक नाही" असे लिहिणारे प्रबंध मी वाचले आहेत. उच्च रक्तदाबात विश्रांतीचा प्रवाह बहुधा सामान्यच असतो, कारण वाढलेल्या दाबाला वाढलेला रोध तोलून धरतो. आजाराची खूण प्रवाहात नसून रोधात असते. सरासरी धमनीदाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. खालच्या रक्तदाबात वरच्या व खालच्या दाबांतल्या फरकाचा एक-तृतीयांश मिळवला की सरासरी दाब येतो.

समजा, रुग्णाचा रक्तदाब १६०/१०० आहे. सरासरी दाब १२०, प्रवाह ३, रोध ४०. शेजारच्या निरोगी माणसाचा रक्तदाब १२०/८० आहे. सरासरी दाब ९३, प्रवाह तोच ३, रोध ३१. आता रक्तरोधानंतरचे शिखर पाहा. रुग्णाचा प्रवाह २८ आणि रोध ४.३. निरोगी माणसाचा प्रवाह ३८ आणि रोध २.४. या क्षणी दोघांच्याही वाहिन्या जवळपास पूर्ण सैल पडलेल्या असतात, तरीही रुग्णाच्या वाहिन्यांचा रोध जास्त राहतो. त्याचे मुख्य कारण म्हणजे जाड झालेली भिंत आणि अरुंद झालेली पोकळी. स्वीडनमधील बियोर्न फॉल्कॉव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये याच तर्काने रचनेतला बदल दाखवला होता. म्हणून अहवालात हा किमान रोध स्वतंत्र ओळीत द्यावा.

*सावधान:* शिखरप्रवाह फक्त "विश्रांतीच्या इतका पट" असा देऊ नये. विश्रांतीचा आकडा खोलीच्या गारव्याने खाली आला असेल, तर ही पट आपोआप फुगते.

टप्पा ९: व्यक्तीला सोडताना

कफ आणि गेज काढल्यावर त्वचेवरचे वळ आणि बोटांतली संवेदना पाहावी. मुंग्या काही मिनिटांत गेल्या पाहिजेत. व्यक्तीला आधी बसवून आणि मग उभे करून रक्तदाब घ्यावा, कारण तासभर उपाशीपोटी झोपलेल्या माणसाला एकदम उठल्यावर भोवळ येऊ शकते. चहा आणि बिस्किटे तयार ठेवावीत. अग्रबाहूचा मोजलेला घेर, खोलीचे तापमान, गेजची लांबी, दोन्ही कफचे दाब आणि गोळीची वेळ या नोंदी आलेखाच्या त्याच कागदावर आहेत ना, हे व्यक्ती खोलीत असतानाच पाहावे, म्हणजे राहिलेले लगेच विचारता येते. औषध थांबवलेले असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते आज किती वाजता पुन्हा सुरू करायचे, हे मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी सोबत आलेल्या नातेवाइकाच्या हातात द्यावी.